तारखेमागचा कागद

भूतकाळाबद्दलचे कोणतेही विधान कशाच्या तरी आधारावर उभे असते. तो आधार कागद असेल, ताम्रपट असेल, नाणे असेल, उत्खननात निघालेले खापर असेल किंवा जात्यावर म्हटलेली ओवी असेल. विधान आणि आधार यांची गाठ कशी बांधली जाते, ती कुठे घट्ट असते आणि कुठे सैल, हे ओळखता येऊ लागले की इतिहास शिकायला सुरुवात झाली असे म्हणता येते. शाळेत बहुतेकांच्या वाट्याला फक्त विधाने येतात. सनावळ्या, तहाची कलमे, लढाईची कारणे आणि परिणाम पाठ होतात, परीक्षा संपली की विसरले जातात. त्यात विद्यार्थ्यांचा फारसा दोष नाही, कारण त्या सनावळीमागचा कागद त्यांना कोणी दाखवलेलाच नसतो.

मराठ्यांच्या इतिहासाच्या बाबतीत हा कागद दाखवणे तुलनेने सोपे आहे. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत तो कसा शोधला गेला, त्यावर कोण कोणाशी भांडले आणि त्यातून आधीची कोणती समजूत मोडीत निघाली, हे सगळे मराठीत, जाहीरपणे घडले आहे.

बखरीकडून चिटोऱ्याकडे

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी माणसाला आपला इतिहास माहीत होता तो मुख्यतः बखरींतून आणि पोवाड्यांतून. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला शिवाजी महाराजांची बखर लिहिली ती १६९७ च्या सुमारास, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर सतरा वर्षांनी. सभासद दरबारातला माणूस होता, त्याने पुष्कळ गोष्टी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. म्हणून सगळ्या बखरींत त्याच्या बखरीला मान आहे. मल्हार रामराव चिटणीसांची बखर मात्र १८१० च्या आसपासची. महाराजांच्या जन्मापासून मोजले तर मधे पावणेदोनशेहून अधिक वर्षे गेली होती. लिहिणारा चिटणीस घराण्यातला, घरात कागद होते, तरीही इतक्या अंतरावरून लिहिताना ऐकीव गोष्टी आणि घराण्याचा अभिमान मजकुरात मिसळणारच.

बखरकाराला आजच्या अर्थाने इतिहास लिहायचाच नव्हता. धन्याचा पराक्रम सांगायचा, पुढच्या पिढीला धडा द्यायचा, क्वचित आपल्या घराण्याची सेवा नोंदवून ठेवायची, हे त्याचे काम. त्यामुळे फौजेचे आकडे फुगतात, देवी दृष्टान्त देते, तारखा मागेपुढे होतात. असे असले तरी बखर टाकून द्यायची वस्तू नाही. किल्ल्यांच्या आणि कारखान्यांच्या याद्या, दरबारी रिवाज, त्या काळी लोक कशाला मोठेपणा समजत होते याची कल्पना, हे सगळे बखरीत मिळते. लढाई कोणत्या दिवशी झाली हे तिला विचारू नये, एवढेच.

साताऱ्याला रेसिडेंट म्हणून राहिलेल्या जेम्स ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध केला. साताऱ्याच्या छत्रपतींच्या दफ्तरातले कागद, फारसी तवारिखा, इंग्रज वखारींचे पत्रव्यवहार असे भरपूर साहित्य त्याच्या हाती होते. पुढची कित्येक दशके तोच या विषयावरचा प्रमाणग्रंथ राहिला. १८६७ साली डेक्कन कॉलेजात शिकणाऱ्या नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने त्यावर सडेतोड टीकालेख लिहिला. डफला चुकीचे ठरवायचे तर त्याच्यापाशी नव्हते असे कागद दाखवावे लागणार, हे त्या टीकेतून सुशिक्षितांच्या ध्यानात आले. १८७८ मध्ये काशीनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक निघाले. बखरी आणि जुने कागद क्रमाने छापायचे, हा त्यामागचा उद्देश.

त्यानंतर आले विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. वाईला त्यांच्या हाती पानिपतच्या काळातला मोठा पत्रसंग्रह लागला आणि त्यातून १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. असे बावीस खंड त्यांनी काढले. गावोगाव पायी हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरची, देवघरांतली, कधी वाण्याच्या रद्दीतली दफ्तरे त्यांनी मिळवली. कागद दाखवायला लोक सहजासहजी तयार नसत. १८५२ नंतर इनाम कमिशनने सनदा तपासून पुष्कळांची इनामे काढून घेतली होती; अनोळखी माणूस घरातला जुना कागद मागतो म्हटल्यावर धनी सावध होई. राजवाड्यांचा स्वभाव तापट होता, आणि स्वतःच्या तर्कावर त्यांचा विश्वास कधी कधी पुराव्याच्या पुढे धावे. तरी त्यांनी एक कसोटी मराठी अभ्यासाला कायमची दिली: समकालीन अस्सल पत्राचा एक तुकडा आणि मागाहून लिहिलेली जाडजूड बखर यांच्यात विरोध आला, तर तुकड्याचे म्हणणे आधी ऐकायचे.

मिरजेत शाळामास्तर असलेले वासुदेवशास्त्री खरे पटवर्धन सरदारांच्या दफ्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढत होते. साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस चित्रे, नाणी आणि कागद गोळा करत होते. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले; त्यात राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे पुढे होते. पेशव्यांचे प्रचंड सरकारी दफ्तर मात्र १८१८ पासून इंग्रजांच्या कुलपात होते. ते उघडले गेल्यावर बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या गोविंद सखाराम सरदेसाई यांनी जदुनाथ सरकारांच्या साहाय्याने १९३० ते १९३४ या काळात त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड छापून काढले. पुण्याची संशोधक मंडळी आणि सरकार-सरदेसाई यांचे फारसे पटत नसे, आणि दोन्हीकडून एकमेकांवर टीका झाली. अभ्यासाच्या दृष्टीने हे भांडण फायद्याचे ठरले. प्रतिपक्षाचे म्हणणे खोडायचे तर नवा कागद छापावा लागे, आणि तो छापला की सगळ्यांचा होई.

कागद वाचायचा कसा

अस्सल कागद हाती आला म्हणजे काम झाले असे नाही. पहिली अडचण लिपीची. मराठी कारभार शतकानुशतके मोडीत चालला. लेखक कागदावर आडव्या रेघा आधी ओढून घेई आणि बोरू शक्यतो न उचलता त्यांना अक्षरे टांगत जाई. शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नव्हती. इकार दीर्घच, उकार ऱ्हस्वच, विरामचिन्हे नाहीत. एकाच नावाचे दोन-तीन उच्चार संभवतात आणि त्यांतला कोणता घ्यायचा हे मजकुराच्या ओघावरून ठरवावे लागते. त्यातच नेहमीचे शब्द संक्षेपाने लिहिलेले: ‘राजश्री’चे ‘रा.’, ‘तीर्थरूप’चे ‘ती.’ वगैरे.

दुसरी अडचण तारखेची, आणि इथेच खरी कसोटी लागते. पेशवाईतल्या पत्रात बहुधा सुहूर सन असतो आणि तो अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, बेरीज ११६१. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की हे वर्ष बदलते, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्रासाठी सुहूर सनात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे ११६१ या सुहूर सनातले पत्र १७६० च्या पावसाळ्यातलेही असू शकते आणि पानिपतच्या लढाईनंतरचेही, म्हणजे १७६१ च्या उन्हाळ्यातले. महिना कळला नाही, तर पत्र लिहिणाऱ्याला लढाईचा निकाल ठाऊक होता की नव्हता हेच कळत नाही, आणि मग पत्राचा सगळा अर्थ बदलतो.

महिना आणि दिवस मुसलमानी चांद्र पंचांगाचे. त्यामागे चंद्र या शब्दाची खूण म्हणून ‘छ’ लिहिलेला असतो: छ १४ जमादिलावल, असा. पुष्कळ खासगी पत्रांत एवढेच असते, सनच नसतो. ज्याला पत्र जायचे त्याला साल सांगायची गरज नव्हती. मग मजकुरातल्या माणसांवरून, छावणीच्या जागेवरून, कुणाच्या आजारपणाच्या किंवा लग्नाच्या उल्लेखावरून साल ठरवावे लागते. राजवाडे आणि खरे यांनी छापलेल्या पत्रांपैकी काहींची साले पुढच्या अभ्यासकांनी बदलली ती याच कारणाने.

तिसरी अडचण लिहिणाऱ्याच्या हेतूची. वतनाचा तंटा हा मराठी मुलखातला नित्याचा प्रकार. पाटीलकी आपली की भाऊबंदांची, हे ठरवण्यासाठी गोतसभा बसे, साक्षी होत, महजर लिहिला जाई, निवाडपत्र मिळे. आपली बाजू बळकट करण्यासाठी लोक करिने लिहून देत, म्हणजे घराण्याची हकिकत, पूर्वजांनी कोणत्या राजाची काय चाकरी केली इथपासून. त्यात अतिशयोक्ती असे आणि कधी चक्क बनावट सनदाही निघत. म्हणून दावा जिंकायला लिहिलेल्या कैफियतीपेक्षा, आपले पत्र पुढे कोणी इतिहासासाठी वाचेल याची कल्पनाही नसलेल्या कारकुनाची रोजकीर्द अधिक विश्वासाची. घोड्याच्या चंदीला किती खर्च झाला हे खोटे लिहिण्यात त्याचा फायदा असलाच तर दोन रुपयांचा. वतनाच्या कैफियतीत पिढ्यान् पिढ्यांचे उत्पन्न पणाला लागलेले असे.

एक जन्मतारीख

या तिन्ही अडचणी आणि त्यांतून निघालेली वाट, दोन्ही एकाच ठिकाणी पाहायच्या तर शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेचा वाद पाहावा. बखरींच्या आधाराने बराच काळ शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे एप्रिल १६२७ ही तारीख मानली जात होती. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी भोरजवळच्या कारीच्या जेधे घराण्यातली एक शकावली भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत प्रसिद्ध केली. जेधे म्हणजे शिवाजी महाराजांचे सुरुवातीपासूनचे साथीदार कान्होजी जेधे यांचे घराणे. शकावलीत १६१८ ते १६९७ या काळातल्या घडामोडींची वर्षवार टिपणे आहेत. वर्णन नाही, स्तुती नाही. शक, तिथी, वार, काय घडले, संपले. त्यात महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असा दिला आहे. इंग्रजी तारखेने १९ फेब्रुवारी १६३०.

आता हे का मानायचे? शकावली जुन्या घराण्यातली आहे, एवढे कारण पुरत नाही. बखरीही जुन्या घराण्यांतल्याच आहेत. पहिली तपासणी गणिताची. शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेला शुक्रवार येतो का? येतो. दुसरी तपासणी शकावलीतल्या इतर नोंदींची. तिच्यातल्या पुष्कळ तारखा फारसी तवारिखा, इंग्रज वखारींची पत्रे आणि इतर मराठी कागद यांच्याशी जुळतात. म्हणजे टिपणे ठेवणारा कामात चोख होता. तिसरी तपासणी वेगळ्या, शकावलीशी संबंध नसलेल्या साधनांची. महाराजांच्या आश्रयाला असलेल्या कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य तंजावरला हस्तलिखितात सापडले आणि १९२७ मध्ये सदाशिव महादेव दिवेकरांनी ते छापले. त्यातही जन्म शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेचाच. जोधपूरच्या एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहात महाराजांची पत्रिका मिळाली, तिनेही याच तारखेला दुजोरा दिला. मावळ, तंजावर आणि मारवाड अशा एकमेकांपासून शेकडो कोस दूर असलेल्या तीन ठिकाणचे तीन कागद एकच दिवस सांगतात, तेव्हा शंकेला फार थोडी जागा उरते.

यात आणखी एक मेख आहे. १९ फेब्रुवारी ही तारीख तेव्हा इंग्रज वापरत असलेल्या जुन्या, ज्युलियन कॅलेंडरची आहे. आज चालणाऱ्या ग्रेगोरियन कॅलेंडरने तोच दिवस १ मार्च १६३० येतो. राज्याभिषेकाचेही तसेच. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ या दिवशी रायगडावर हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रज वकील हजर होता; इंग्रजांच्या कागदांत तारीख ६ जून १६७४ असली तरी आजच्या हिशेबाने तो १६ जून होता. शासकीय जयंती १९ फेब्रुवारीला होते, काही लोक तिथीने करतात, आणि कॅलेंडर बदलले की तिसराच दिवस येतो. तिन्हींच्या मुळाशी घटना मात्र एकच.

तीन वर्षांचा फरक पडल्याने काय बिघडले, असे कुणाला वाटेल. बिघडते ते असे. महाराजांचे आजोबा लखुजी जाधवराव निजामशाही दरबारात मारले गेले ते जुलै १६२९ मध्ये, दौलताबादेस. जन्म १६२७ चा धरला तर घर तसे सुस्थिर, आजोबा मातबर सरदार. १६३० चा धरला तर आई माहेरच्या घातातून नुकतीच गेलेली, वडील कोणत्या बाजूला राहावे या पेचात, आणि त्याच वर्षी पाऊस पडला नाही म्हणून १६३० ते १६३२ चा भीषण दुष्काळ दख्खन आणि गुजरातवर येऊ घातलेला. त्या वेळी सुरतेहून बुऱ्हाणपूरला निघालेल्या पीटर मंडी या इंग्रजाने वाटेवर मेलेल्या माणसांची वर्णने लिहून ठेवली आहेत. महाराजांचे बालपण कोणत्या जगात गेले याचे चित्र जन्मतारखेने असे पार बदलते. अवघ्या विशीच्या आसपास मावळात जम बसवणाऱ्या माणसाच्या वयातही तीन वर्षांची कपात होते.

पानिपतची संक्रांत

समाजाच्या आठवणीत इतिहास वेगळ्या रीतीने साठतो. पानिपत हा मराठीत पराभवाचा पर्यायशब्दच झाला आहे. परीक्षेत पानिपत होते, निवडणुकीत पानिपत होते, आणि एखाद्यावर संकट आले की त्याच्यावर संक्रांत आली असे म्हणतात. लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली आणि संक्रांत १४ जानेवारीला असते. तेव्हा हा वाक्प्रचार पानिपतावरून आला, असे छातीठोकपणे सांगितले जाते.

त्यात एक अडचण आहे. मकरसंक्रांत इंग्रजी तारखेशी कायमची बांधलेली नाही. ती हळूहळू पुढे सरकते. आज ती १४ किंवा १५ जानेवारीला येते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीच्या दिवशी झाला, ती तारीख होती १२ जानेवारी १८६३. त्याहून शंभर वर्षे मागे गेले की संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. म्हणजे पानिपतच्या लढाईपूर्वी चार-पाच दिवस ती होऊन गेली होती. लढाईची तिथी पौष शुद्ध अष्टमी, वार बुधवार. वाक्प्रचार आणि लढाई यांची सांगड मागाहून, कॅलेंडर घरोघर लागल्यावर, कुणीतरी घातली असणार. मौज अशी की असे जुळलेले योगायोग खऱ्या पुराव्यापेक्षा जास्त टिकतात.

पानिपतच्या कारणांबद्दलही हेच. सेनापती सदाशिवरावभाऊंचा हेकेखोरपणा, होळकरांचा काढता पाय, सोबत आलेले यात्रेकरू, अशी एकेकाच्या माथी खापर फोडणारी कारणे लोकप्रिय आहेत. पत्रांतून दिसणारे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. उत्तरेतून येणारी वसुली थांबलेली, राजपूत आणि जाट बाजूला राहिलेले, रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेलेले, शेवटी अन्न संपल्यामुळेच लढाईला उभे राहणे भाग पडलेले. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी १९४६ मध्ये पानिपतावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्यासाठी प्रत्यक्ष रणभूमी फिरून पाहिली आणि रूढ मतांपैकी बऱ्याच मतांना धक्का दिला. त्यांच्याही काही निष्कर्षांवर पुढे वाद झाले. कागद तेच असले तरी त्यांची मांडणी बदलू शकते. मराठ्यांचा उदय न्यायमूर्ती रानड्यांना संतांनी घडवलेल्या सामाजिक जागृतीतून झालेला दिसला, राजवाड्यांना तो संतांच्या निवृत्तीपर शिकवणीमुळे लांबणीवर पडलेला वाटला. दोघेही थोर, दोघांपुढेही तेच शतक. इतिहास शिकणाऱ्याला एकच उत्तर मिळत नाही म्हणून सगळीच उत्तरे सारखी, असा अर्थ इथून काढणे चूक आहे. आधार असलेली मते आपसांत भांडू शकतात. आधारच नसलेल्या मताला त्या बैठकीत जागा नसते.

ज्यांनी कागद लिहिले नाहीत

मोडी दफ्तरांत राजे, सरदार, देशमुख, कुलकर्णी, सावकार भरपूर भेटतात. शेतमजूर, कारू, बलुतेदार भेटतात ते बहुधा दंड भरताना किंवा वेठीला जाताना. बायका वारसाच्या तंट्यात. पुराव्याची ही विषम वाटणी लक्षात न घेता कागदावरून समाजाचे चित्र काढले की ते चित्र एका बाजूला कलते. महात्मा फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला तेव्हा महाराजांचा इतिहास कोणाच्या नजरेने सांगायचा, हाच प्रश्न त्यांनी उभा केला. त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. पेशवाई संपून तेव्हा चाळीसही वर्षे झाली नव्हती. सरकारी दफ्तराच्या हजारो रुमालांत, म्हणजे कागदांच्या गाठोड्यांत, जे सापडत नाही ते त्या चार पानांत आहे.

कागदच नाहीत अशा काळासाठी जमिनीकडे जावे लागते. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव इथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे ते गाव. लहान मुले गेली की त्यांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून घरातल्याच जमिनीखाली पुरत; मोठ्या माणसांना पुरताना त्यांचे पाय घोट्याजवळ तोडलेले असत. सातूचे दाणे, पाटाचे पाणी, मोठे घर आणि त्याला लागून धान्याची कोठी, एवढ्यावरून गावाची रचना आणि त्यातला म्होरक्या ओळखता आला. पुढे हवामान कोरडे झाले तसे चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसू लागतात, शेतीचा जोर कमी होऊन जनावरे आणि शिकार यांचा आधार वाढतो. महाराष्ट्रात पावसाने दगा दिल्यावर गाव कसे बदलते याचा हा सर्वांत जुना सविस्तर पुरावा म्हणायला हरकत नाही.

गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात राहिलेले दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती होते. प्राचीन चांदीची नाणी वापरात झिजून हलकी होतात, तेव्हा ती वजन करून त्यांचा क्रम लावता येईल, या विचाराने त्यांनी हजारो नाणी तोलली. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर हिंडून म्हसोबा, मातृदेवतांची ठाणी, अश्मयुगीन गारगोटीची हत्यारे आणि जुन्या व्यापारी वाटा यांची ते सांगड घालत. रानातल्या शेंदूर फासलेल्या दगडाकडे इतिहासाचा पुरावा म्हणून पाहायला त्यांनी शिकवले. गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. ओवीला तारीख नसते, त्यामुळे तिच्यावरून एखाद्या घटनेचा दिवस ठरवता येत नाही. पण सासुरवास, दुष्काळ, लेकीचे लग्न आणि बाबासाहेब आंबेडकरांबद्दलची माया यांच्याबद्दल ती जे सांगते ते दुसरीकडे कुठेच लिहिलेले नाही.

आज याचे काय

जुन्या कागदाचे महत्त्व अभ्यासिकेपुरते आहे, ही समजूत महाराष्ट्रात फार काळ टिकत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली मराठा समाजातल्या कुणबी नोंदी तपासण्यासाठी समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत जन्ममृत्यूची रजिस्टरे, शाळांचे दाखले, महसुली कागद यांची छाननी सुरू झाली. त्यांतले पुष्कळ मोडीत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कारभारात असलेली ही लिपी वाचणारी माणसे एकाएकी तालुक्याच्या कचेरीत हवीशी झाली. जमिनीचा जुना फेरफार, देवस्थानाचे इनाम, पाण्याचा हक्क यांच्या दाव्यांतही तेच होते. कागद कोणी, कधी, कशासाठी लिहिला हे विचारणारा माणूस अशा वेळी पक्षकार म्हणूनही उपयोगी पडतो आणि नागरिक म्हणूनही.

दुसरा उपयोग वादाच्या प्रसंगी. मोबाइलवर रोज एखादे बनावट पत्र, न झालेले भाषण किंवा भलत्याच राजाचे चित्र फिरत असते. ते पुढे पाठवण्याआधी मूळ कागद कुठे आहे, तो समकालीन आहे का, त्याला दुसऱ्या साधनाचा दुजोरा आहे का, एवढे तीन प्रश्न पडले तरी शाळेतला इतिहासाचा तास कारणी लागला म्हणायचा. हे प्रश्न न पडता प्रकरण हातघाईवर गेले की काय होते हेही पुण्याने पाहिले आहे: एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकावरून ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला, त्यात ग्रंथ आणि पोथ्यांची नासधूस झाली. पुस्तकातला मजकूर खोडून काढण्याची साधने अशाच संस्थांच्या कपाटांत असतात.

राज्याच्या दहावीच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात इतिहासलेखनाची पाश्चात्त्य आणि भारतीय परंपरा, तसेच उपयोजित इतिहास यांवर प्रकरणे आली, ही चांगली गोष्ट झाली. तरी पद्धत वाचून येत नाही, ती करून पाहावी लागते, आणि त्यासाठी स्वतःचे गाव पुरते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत त्या इलाख्यातल्या जिल्ह्यांची माहिती मिळते. देवळापाशी वीरगळ, म्हणजे वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड, असेल तर तो खालून वर वाचायचा: तळाच्या चौकटीत लढाई किंवा गाई वळवून नेणारे चोर, मधे वीराला नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवपूजा. त्यावर लेख क्वचितच असतो, म्हणून शैली आणि शस्त्रे पाहून काळाचा अंदाज करावा लागतो. तलाठ्याकडचे जुने फेरफार, शाळेचे सर्वसाधारण रजिस्टर, घराण्यातली एखादी सनद आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी यांची एकमेकांशी गाठ घालायची. आठवण सांगणाऱ्याचे नाव, वय, ती त्याने स्वतः पाहिली की ऐकली, आणि ती कोणत्या दिवशी टिपली, हे वहीत त्याच वेळी लिहून ठेवायचे. कागदाचा फोटो काढताना मागची बाजूही काढायची, कारण पुष्कळदा तारीख आणि पत्ता तिथेच असतो.